ज्युलिएटची आई इतक्या लवकर कशी मानते?

अनुजा_एडिसन

आमच्या वाचनगटात या वेळी गॅबी रिवेराची 'ज्युलिएट टेक्स अ ब्रेथ' घेतली होती. गट छोटाच, न्यू जर्सीतल्या मराठी बायकांचा, पंचविशीपासून सत्तरीपर्यंतच्या. पुस्तक बहुतेकींना आवडलं, पण शेवटावरून अशी जुंपली की चर्चा अर्ध्यावर सोडून उठावं लागलं. म्हणून इथे मांडते.

ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ज्युलिएट मिलाग्रोस पलांते, वय १९, न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधल्या पोर्तो रिकन घरातली मुलगी. साल २००३. हार्लो ब्रिसबेन नावाच्या गोऱ्या स्त्रीवादी लेखिकेच्या पुस्तकाने ती भारावली आहे. तिला पत्र लिहून, उन्हाळ्यापुरती तिच्या हाताखाली काम करायला ती पोर्टलंडला, म्हणजे देशाच्या पार दुसऱ्या टोकाला निघते. निघण्याआधी घरच्यांच्या जेवणात, सगळ्या गोतावळ्यासमोर ती सांगून टाकते की मला मुली आवडतात. आई म्हणते, हे तात्पुरतं आहे, जाईल. आई आपल्याशी पुन्हा बोलेल की नाही हे ठाऊक नसतानाच पोरगी पोर्टलंड गाठते.

तिथे बरंच काही घडतं. प्रेयसी लेनी नातं तोडते, मोटरसायकल चालवणारी ग्रंथपाल किरा भेटते, हार्लोवरची श्रद्धा तडकते. आणि पुस्तक संपेपर्यंत आई फोनवरून लेकीकडे हळूहळू वळते. एका उन्हाळ्यात!

मला हे वळणं पटलं. मी वाचलेल्या बऱ्याच अमेरिकी कथांत अशी मुलगी घर सोडते, मोठं शहर गाठते आणि तिथे स्वतःला घडवते. लॅटिना लेखिकांच्या मुली घर सोडायला तयार नसतात. त्यांना प्रेमही हवं असतं आणि घरच्या पंगतीतली आपली जागाही. पण गटातल्या निम्म्या जणींचं म्हणणं असं, की वाचकांना बरं वाटावं म्हणून लेखिकेने आईला मऊ केलं. तुम्हाला काय वाटतं? आणि अशा मुलींच्या आणखी कुठल्या कथा वाचल्या-पाहिल्यात?

निनाद_वा

अहो, शेवटच सांगून टाकलात! तरी मोटरसायकलवाली ग्रंथपाल म्हटल्यावर वाचणं आलंच. वाचनखूण साठवली आहे.

कृष्णाकाठ

पुस्तक वाचलं आहे. गटातल्या दुसऱ्या निम्म्या जणींशी सहमत, पण कारण वेगळं.

माझी तक्रार सबंध लेखनाबद्दल आहे. ज्युलिएट दर चार पानांनी काहीतरी विचारते आणि कुणीतरी तिला समजावून सांगतं. एकाहून जास्त जोडीदार असणं म्हणजे काय, माणसाला कुठल्या सर्वनामाने हाक मारायची, गोऱ्यांचा स्त्रीवाद कुठे कमी पडतो. मुद्दे बरोबर आहेत, पण मी कादंबरी वाचतोय की शिबिरात बसलोय असं होतं. आईसुद्धा त्या शिबिराचाच एक धडा वाटते: चांगल्या पालकांनी शेवटी असं वागावं. सगळं निवेदन ज्युलिएटचं असल्यामुळे आई ब्रॉन्क्समध्ये त्या दोन-तीन महिन्यांत काय करत होती, कुणाशी बोलली, चर्चमध्ये जाऊन बसली का, हे वाचकाला फारसं दिसत नाही. बदल पडद्यामागे झाला आणि आपल्या हाती फक्त निकाल आला. स्थलांतरित घरातली आई एवढी चटकन बदलत नाही.

रानजाई

कृष्णाकाठ, प्रश्न विचारणं हा त्या मुलीचा स्वभावच आहे. पोर्टलंडमधली माणसं जी परिभाषा सहज बोलतात ती तिला ब्रॉन्क्समध्ये कुणी शिकवलेली नाही, आणि ते ठाऊक नाही म्हणून तिला कमी लेखणारेही भेटतात. ती लाजते, चिडते, घरी येऊन शब्द शोधत बसते. एकोणिसाव्या वर्षी आपल्यातल्या किती जणांनी हेच केलं आहे! तुम्हाला ज्या जागा शिबिरासारख्या वाटल्या, तिथे मला तिची लाज दिसली. पुस्तकाची सुरुवातच तिने हार्लोला लिहिलेल्या पत्राने होते. सगळं विचारून घ्यायची तिची घाई त्या पत्रापासूनच आहे.

आईबद्दल बोलायचं तर पॉवेल्समधला प्रसंग विसरून चालणार नाही. पॉवेल्स म्हणजे पोर्टलंडमधलं पुस्तकांचं ते अवाढव्य दुकान. तिथे हार्लोचं वाचन असतं. श्रोत्यांतून प्रश्न येतो, की तुमच्या स्त्रीवादात गोऱ्या नसलेल्या बायकांना जागा आहे का. उत्तर म्हणून हार्लो भर सभेत ज्युलिएटला पुढे करते: बघा, ही मुलगी गोळीबाराच्या वस्तीतून जीव वाचवत इथवर आली. ज्युलिएटच्या घरी असं काहीही नव्हतं. तिचं घर म्हणजे माणसांनी भरलेलं, खाण्यापिण्याचं, एकमेकांच्या अंगावर ओरडत प्रेम करणारं घर. ज्या बाईला तिने देवी मानलं तिने तिचं अख्खं आयुष्य खोटं करून सांगितलं. ती पोर्टलंड सोडून मायामीला नातेवाइकांकडे निघून जाते.

आता आईशी तुलना करा. आईने लेकीची एक गोष्ट नाकारली, पण लेक कोण आहे, कुठून आली, कशावर हसते हे तिला पुरतं ठाऊक होतं. हार्लोने तिचं मुली आवडणं हसत स्वीकारलं आणि बाकीची ज्युलिएट तिला दिसलीच नाही. हे कळल्यावर ज्युलिएटसुद्धा आईकडे वळते. चाल दोन्ही बाजूंनी झाली आहे, म्हणून मला तो शेवट उपरा वाटला नाही.

सुमेध_के

रानजाई, शेवटच्या परिच्छेदाला +१.

दूरदेशी

कृष्णाकाठ, एक दुरुस्ती. ज्युलिएटचं घर 'स्थलांतरित' म्हणता येईल, पण परदेशातून आलेलं नाही. पोर्तो रिको १८९८ मध्ये स्पेनकडून अमेरिकेच्या ताब्यात गेलं आणि १९१७ च्या कायद्याने तिथल्या लोकांना अमेरिकी नागरिकत्व मिळालं. दुसऱ्या महायुद्धानंतर बेटावरून हजारो कुटुंबं न्यूयॉर्कला आली, ती या नागरिकत्वावरच. व्हिसाची रांग नाही, हद्दपारीची भीती नाही, आणि तरीही रोज कुणीतरी विचारणार, तुम्ही मूळचे कुठले. बेटावर राहणाऱ्या नागरिकाला आजही राष्ट्राध्यक्षासाठी मत देता येत नाही.

हे सांगायचं कारण कादंबरीत आहे. हार्लो ज्युलिएटला ग्रंथालयात विस्मृतीत गेलेल्या बायकांची माहिती जमवायला लावते. त्यात तिला लोलिता लेब्रोन सापडते. १ मार्च १९५४ ला वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलमध्ये घुसून पोर्तो रिकोच्या स्वातंत्र्यासाठी गोळीबार करणाऱ्या गटाचं नेतृत्व या बाईने केलं होतं. पाच खासदार जखमी झाले. पंचवीस वर्षं ती तुरुंगात होती, १९७९ मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी शिक्षा माफ केली. ज्युलिएटला तिच्याबद्दल आधी काहीच माहीत नसतं. आपल्याच लोकांचा इतिहास तिला दुसऱ्याच्या गावातल्या ग्रंथालयात, एका गोऱ्या बाईने दिलेल्या कामातून कळतो. मला पुस्तकातलं आत्मशोधाचं सगळ्यात खरं पान हे वाटलं. मुली आवडतात हे तिला घरूनच ठाऊक होतं. आपण पोर्तो रिकन आहोत म्हणजे काय आहोत, हे पोर्टलंडला कळलं.

कृष्णाकाठ

दूरदेशी, लोलिता लेब्रोनचा भाग मलाही आवडला होता. तिथे कुणी समजावत नाही, ज्युलिएट स्वतः शोधते. सगळं पुस्तक तसं असतं तर माझी तक्रार उरली नसती.

मालतीकाकू

बऱ्याच दिवसांनी लिहिते आहे. पुस्तक लेकीनेच वाचायला दिलं होतं. माझ्या लेकीलाही मुलीच आवडतात. ती परदेशात असते. हे इथे लिहायला तिची परवानगी घेतली आहे.

तुम्ही सगळे 'आई मानते' असं म्हणताय. मी त्या बाजूने सांगते. मानणं एकदा होत नाही. लेकीने सांगितलं त्या संध्याकाळी मी चिडले, रडले, नको ते बोलले, नंतर गप्प झाले. पण तिला फोन करायचं मी थांबवलं नाही. भाड्याचं घर, दाताचं दुखणं, तिकिटं, सगळं बोलायचो, फक्त ते एक सोडून. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असतं की आईने फार लवकर मानलं. आतून मला एवढंच कळत होतं की हिचा फोन बंद झाला तर मी जगू शकणार नाही. मतं मागाहून बदलली, सावकाश, आणि काही अजून बदलताहेत.

ज्युलिएटची आई फोनवर आहे ही गोष्ट म्हणूनच मला खरी वाटली. लेखिकेने तिचं मतपरिवर्तन दाखवलंय असं मी वाचलंच नाही. नातं तुटू न देणं दाखवलंय. ते एका उन्हाळ्यात होऊ शकतं, एका रात्रीतही होऊ शकतं.

अवघड आहे ते पुढचं, जे पुस्तकात नाही. लेकीला स्वीकारणं आणि जावेला सांगणं यात फार मोठं अंतर आहे. लग्नाकार्यात कुणी विचारलं, हिचं काय, तर काय बोलायचं? लेकीची जोडीदारीण घरी आली की शेजारी तिची ओळख काय करून द्यायची? मला लेकीला स्वीकारण्यापेक्षा नातेवाइकांना सांगायला जास्त काळ लागला. कुणी तरी त्या आईची कादंबरी लिहावी.

अनुजा_एडिसन

काकू, तुमचा प्रतिसाद गटात वाचून दाखवू का? तुमचं नाव न सांगता.

मालतीकाकू

दाखव गं. आणि नाव सांगितलंस तरी चालेल.

शब्दवेडी

काकूंना मनापासून नमस्कार.

अनुजाने आणखी पुस्तकं विचारली आहेत. आई वळत नाही अशी कादंबरी वाचायची असेल तर कार्ला त्रुहियोची 'व्हॉट नाइट ब्रिंग्ज' (२००३). काळ १९६० चं दशक, जागा कॅलिफोर्निया, मेक्सिकन-अमेरिकन कष्टकरी घर. नायिका मार्सी क्रूझ अकरा वर्षांची आहे. ती रोज रात्री देवाकडे दोन मागण्या करते: वडील नाहीसे होऊ देत आणि मला मुलगा कर. वडील दोन्ही मुलींना बेदम मारतात. आई त्यांच्या प्रेमात इतकी बुडालेली आहे की मुलींच्या अंगावरचे वळ तिला दिसत नाहीत. मुलगा का व्हायचंय, तर शेजारची मुलगी आवडते, आणि मुलगी आवडायची तर मुलगाच असावं लागतं अशी तिची समजूत आहे. तिला याहून वेगळी शक्यता सांगणारं माणूसच आसपास नाही.

पोर भयंकर हुशार आणि विनोदी आहे. चर्चमधल्या पाद्री-नन्सना असे प्रश्न विचारते की हसून पुरेवाट होते, आणि पुढच्या पानावर पोटात गोळा येतो. शेवट सांगत नाही, निनाद ओरडेल. पण कृष्णाकाठ, ही तुम्हाला आवडेल. यात कुणी कुणाला काही समजावत नाही.

निनाद_वा

आभारी आहे, शेवट झाकून ठेवल्याबद्दल.

तिरंदाज

त्यात सोनोरा रेयेसची 'द लेस्बियानाज गाइड टू कॅथलिक स्कूल' घाला. २०२२ साली किशोर साहित्यासाठीच्या अमेरिकेतल्या नॅशनल बुक अवॉर्डच्या अंतिम यादीत होती. ॲरिझोनातली यामिलेत फ्लोरेस, मेक्सिकन-अमेरिकन, सोळा वर्षांची. जिवलग मैत्रिणीनेच जुन्या शाळेत तिचं गुपित फोडलं, म्हणून ती भावासोबत श्रीमंत गोऱ्यांच्या कॅथलिक शाळेत येते आणि ठरवते की इथे कुणाला कळू द्यायचं नाही. घरी कळलं तर आई बाहेर काढेल या भीतीने ती पैसे साठवू लागते.

अनुजाच्या प्रश्नाला हे पुस्तक थेट भिडतं. यामिलेतचे वडील हद्दपार होऊन मेक्सिकोत आहेत. ते तिचे लाडके, मोकळ्या मनाचे. तिला खात्री असते की बाबा समजून घेतील. म्हणून ती आधी त्यांना सांगते, आणि ते तिला दूर करतात. जिची भीती वाटत होती ती आई मात्र पाठीशी उभी राहते. काय होईल याचा मुलांनी बांधलेला अंदाज कसा साफ चुकतो, ते इतक्या क्रूरपणे मी दुसरीकडे वाचलेलं नाही. आई 'लवकर' मानते असं आपल्याला वाटतं, कारण मुलीने रंगवलेली आई आणि खरी आई वेगळ्या असतात. ज्युलिएटच्या बाबतीतही हेच असेल.

कृष्णाकाठ

तिरंदाज, हा युक्तिवाद मला पटण्याजोगा वाटतो. निवेदन मुलीचं असल्यामुळे आई आपल्याला तिच्या भीतीतून दिसते. मग रिवेराने ते निवेदन निवडलं त्याला कारण आहे हे मान्य. पडद्यामागची आई मला तरीही हवी होती.

हसरी_जुई

आणि आजी! आज्यांना विसरू नका. 'वन डे ॲट अ टाइम' ही मालिका (२०१७) कुणी पाहिली का? लॉस एंजेलिसमधलं क्यूबन-अमेरिकन घर, मुलगी एलेना, सैन्यातून परतलेली परिचारिका आई पेनेलोपे, आणि रिटा मोरेनोने केलेली आजी लिडिया. आई आधुनिक विचारांची, तोंडाने लगेच 'काही हरकत नाही' म्हणते आणि आतून पार गोंधळून जाते. आजी चर्चला जाणारी, भिंतीवर पोपचं चित्र. सगळ्यांना वाटतं आता आजी घर डोक्यावर घेणार. ती सुरुवात करते देवाला हे चालत नाही इथपासून, मग तिला आठवतं की पोपच म्हणालेत, मी कोण न्यायनिवाडा करणारा, मग देव चुकत नसतो, मग नातीला देवानेच घडवलंय, आणि एका दमात स्वतःच स्वतःचं मन वळवून मोकळी होते! मी तो भाग माझ्या आजीबरोबर बसून पाहिला. ती म्हणाली, 'बरोबर आहे, पोपपेक्षा आपण मोठे का?' आमची आजी वारीला जाणारी.

पहिल्या पर्वाच्या शेवटी एलेनाची किन्सेन्येरा, म्हणजे पंधराव्या वाढदिवसाचा मोठा समारंभ. आजी तिच्यासाठी झग्याऐवजी पांढरा सूट शिवते. बाप-लेकीच्या नाचाची वेळ येते आणि बाप निघून गेलेला असतो. आई पुढे होते, मग बाकीचं सगळं घर. दर वेळी रडते मी.

स्वयंपाकीण_बाई

थोडं अवांतर. पोर्तो रिकन घरात सणासुदीला 'अर्रोस कोन गांदुलेस' हा भात असतो. गांदुलेस म्हणजे आपले तुरीचे ओले दाणे! तूर मूळची आपल्याकडची, आफ्रिकेमार्गे कॅरिबियनला पोचली. न्यू जर्सीत डबाबंद हिरवे गांदुलेस सहज मिळतात. मी त्यांचा सोलेभात करते, गोडा मसाला घालून. अनुजा, पुढच्या वाचनगटाला करून बघ.

अनुजा_एडिसन

नक्की! पत्ता कळवते, तुम्हीच घेऊन या.

वकिलीणबाई

२००३ सालाबद्दल. कादंबरी ज्या उन्हाळ्यात घडते त्याच उन्हाळ्यात, २६ जून २००३ ला, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने लॉरेन्स विरुद्ध टेक्सास खटल्याचा निकाल दिला. तोवर टेक्साससह काही राज्यांत प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा होते. म्हणजे ज्युलिएटच्या आईची पिढी ज्या देशात मोठी झाली, तिथे काही राज्यांत लेकीचं प्रेम कायद्याने गुन्हा ठरू शकत होतं. तिची भीती फक्त चर्चमधून आलेली नाही. आपल्याकडे हा टप्पा ६ सप्टेंबर २०१८ ला आला, तेव्हा काकूंच्या 'जावेला काय सांगायचं' या प्रश्नाची मुळं आपल्याला वेगळी शोधायला नकोत.

मनस्वी_पुणे

मराठीत या मुली कुठे आहेत? तेंडुलकरांच्या 'मित्राची गोष्ट' या नाटकातली, मुलीच्या प्रेमात पडणारी मित्रा १९८१ साली रंगभूमीवर आली, रोहिणी हट्टंगडींनी केली होती. त्याच वर्षी अमेरिकेत चेरी मोरागा आणि ग्लोरिया अँझाल्दुआ यांनी गोऱ्या नसलेल्या स्त्रीवाद्यांचं लेखन गोळा करून 'धिस ब्रिज कॉल्ड माय बॅक' काढलं. पण मित्राची गोष्ट एका पुरुषाने लिहिली आणि तिचा मित्र ती सांगतो. तिकडे बायकांनी स्वतः लिहायला घेतलं. अँझाल्दुआ टेक्सासच्या सीमेवरच्या शेतमजुरांच्या घरातली. १९८७ मध्ये तिने 'बॉर्डरलँड्स' लिहिलं, इंग्रजी आणि स्पॅनिश मिसळून, जागोजागी भाषांतर न देता, वाचकाने कष्ट घ्यावेत म्हणून. रिवेराची ज्युलिएट त्या घराण्यातली आहे. पुस्तकं अशी एकमेकींच्या खांद्यावर उभी राहतात. आपल्याकडे तो पहिला खांदाच फार उशिरा मिळतोय.

पारवा_२२

मी इथे फक्त वाचते, लिहीत नाही. आज लिहिते, कारण धागा वाचता वाचता राग आला.

धागा ज्युलिएटवर आहे आणि सगळे तिच्या आईबद्दल बोलताहेत. आई मानते का, आजी मानते का, बाप का मानत नाही. मी चोवीस वर्षांची आहे, मला मुली आवडतात, घरी अजून सांगितलेलं नाही. मी ही कादंबरी आई कशी वळते हे बघायला वाचली नव्हती. एक सावळी, जाड, दम्याचा पंप खिशात घेऊन फिरणारी मुलगी प्रेमात पडते, तिचं मन मोडतं, आणि ती मरत नाही. कुणी तिला मारत नाही, ती आत्महत्या करत नाही, तिचं लग्न लावून देत नाहीत. ती केस कापून घेते आणि आरशात बघून तिला स्वतः आवडते. ते पान मी कितीदा वाचलंय!

किराबरोबर मोटरसायकलवर बसून ती भटकते तेव्हा तिथे आई नसते. झायरा नावाची बाई तिला लेखनाच्या कार्यशाळेत घेऊन जाते आणि तिथे सगळ्या तिच्यासारख्या बायका असतात, तेव्हा तिला पहिल्यांदा उत्तरं द्यावी लागत नाहीत. मायामीत बहीण आवा तिला आपल्यासारख्यांच्या गर्दीत नाचायला नेते. पुस्तक २०१६ च्या जानेवारीत आलं. जूनमध्ये ऑरलंडोच्या पल्स क्लबमध्ये लॅटिन रात्रीच्या वेळी ४९ जणांना गोळ्या घालून मारलं, त्यांतले बरेच पोर्तो रिकन होते. मी पुस्तक त्यानंतर वाचलं. नाचाचं पान वाचताना मला ते सगळे आठवले, आणि तरीही ज्युलिएट नाचतेय याचा आनंद झाला.

मालतीकाकू, तुमचा प्रतिसाद वाचून मीही रडले, तुमच्यावर राग नाही. पण माझी आई मानेल की नाही यावर माझं आयुष्य टांगून ठेवायचं नाही, हे मला या पुस्तकाने दिलं.

मालतीकाकू

पारवा, तू लिहिलंस ते बरं झालं. आम्ही आया सगळीकडे स्वतःलाच मध्यभागी आणून बसवतो. तुझं म्हणणं मी लेकीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, 'त्या मुलीला सांग, मला व्यक्तिगत निरोप पाठव.' तिचं सदस्यनाम मी तुला कळवते.

रानजाई

पारवा, केस कापण्याचं पान माझंही आवडतं. आणि तू दम्याचं लिहिलंस ते महत्त्वाचं आहे. घाबरली, चिडली, मन मोडलं की तिला धाप लागते. हे शरीर आपलंच आहे हे ती पुस्तकभर शिकत असते. चित्रांतून बघायचं असेल तर २०२० मध्ये सेलिया मॉस्कोटेच्या चित्रांसह चित्रकादंबरीही निघाली आहे.

सुमेध_के

ज्यांना सांगणं-न सांगणं याच्या पलीकडचं काही हवंय त्यांनी ऑरोरा गरेरोचा 'मॉस्किता इ मारी' (२०१२) हा चित्रपट बघावा. लॉस एंजेलिसजवळच्या हंटिंग्टन पार्कमधल्या पंधरा वर्षांच्या दोन मुली. एक अभ्यासू, आईबापांच्या सगळ्या आशा तिच्यावर. दुसरी घरभाड्यासाठी धडपडणारी. दोघींत जे आहे त्याला त्या नाव देत नाहीत, कुणाला सांगत नाहीत, सिनेमाही सांगत नाही. एका जुन्या मोडक्या गाडीत दोघी बसतात, काचेवरच्या धुळीत बोटाने लिहितात.

निनाद_वा

पुस्तक मागवलं आणि अर्धं वाचलं. किरा फारच आवडली. शेवट माहीत असूनही काही बिघडत नाही, कारण पारवा म्हणते तसं, मजा मध्येच आहे.

अनुजा_एडिसन

सगळ्यांचे आभार. काल गट पुन्हा बसला. काकूंचा आणि पारवाचा असे दोन्ही प्रतिसाद वाचले. (पारवा, तुझी परवानगी निरोपात घेतली होतीच.)

मूळ प्रश्नाचं काय झालं ते सांगते. ज्या जणी शेवट सोपा म्हणत होत्या त्यांच्यापैकी दोघी अजूनही तेच म्हणतात. एकीने नवा मुद्दा काढला: ज्युलिएट नागरिक आहे, शिकतेय, तिच्याकडे मायामीची बहीण आहे, पोर्टलंडची कार्यशाळा आहे. आईने नाही मानलं असतं तरी ती तगली असती, आणि हे आईलाही ठाऊक आहे. अकरा वर्षांच्या मार्सीकडे यातलं काहीच नाही, म्हणून तिथे आईला बदलायचं कारणच पडत नाही. हे ऐकून मी माझं मत थोडं पुढे नेलं. ज्युलिएटची आई लवकर वळते, कारण ज्युलिएट तिच्यावाचून उभी राहायला शिकते. पारवा जे म्हणाली आणि काकू जे म्हणाल्या, ते त्याच एका उन्हाळ्यात घडतं.

पुढच्या महिन्यात 'व्हॉट नाइट ब्रिंग्ज'. कृष्णाकाठ, तुमच्यासाठी ऑनलाइन दुवा ठेवते, तुम्ही यायचंच. सोलेभात ठरला आहे.

कृष्णाकाठ

येतो. मार्सीच्या आईवर मात्र मी आधीच चिडलो आहे, पहिल्या पन्नास पानांतच.

शब्दवेडी

थांबा, शंभरावर जाऊ द्या, मग बोलू.